वॉल्टर साहेब आणि विमानातल्या चार जागा

वॉल्टर साहेब दर शुक्रवारी आमच्या मेसमध्ये जेवायला यायचा. बूट दाराबाहेर काढायचा आणि आमच्याबरोबर खाली चटईवर बसायचा. त्याचा डावा गुडघा वाकत नसे, म्हणून तो पाय लांब पसरायचा, आणि पाय कुणाच्या ताटाला लागू नये म्हणून आम्ही सगळे सरकून बसायचो. हाताने भात कालवायचा. बांगड्याचा काटा आमच्यापेक्षा सफाईने काढायचा. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं की आमच्या भटाऱ्याला, दाऊदमामूला, म्हणायचा, "दाऊद, तुम हमको मार डालेगा!" आम्हाला खरंच हसू यायचं. गोरा माणूस आमच्यात बसून जेवतो हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो.

ही एकोणीसशे साठनंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. अमिरात हे नाव तेव्हा नव्हतं. अबुधाबीच्या पुढे समुद्रात एक बेट होतं, तिथे तेलकंपनीची छावणी होती. बेट एवढं लहान की सकाळी नमाज पढून चालायला लागलं तर चहाच्या वेळेला फेरी पुरी व्हायची. झाड नाही, सावली नाही, बाईमाणूस नाही. करार दोन वर्षांचा, आणि आमचे पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात. मेस तीन होत्या. गोऱ्यांची वेगळी, आम्हा हिंदी-पाकिस्तानी लोकांची वेगळी, मजूर अरबांची वेगळी. बर्फ गोऱ्यांकडे आधी जायचा आणि आमच्याकडे यायचा तेव्हा पाणी झालेला असायचा. गोरे विमानाने यायचे-जायचे. आम्ही लाँचने, पंधरा दिवसांतून एकदा, समुद्र बरा असेल तर. माझं काम विमानपट्टीवर होतं. सामान चढवायचं, उतरवायचं, विमानाला शिडी लावायची आणि काढायची.

वॉल्टर साहेब पंपांवरचा फोरमन. लढाईच्या वेळी देवळालीच्या छावणीत होता, तिथे हिंदुस्तानी शिकलेला. त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. दुसरा कुणी गोरा आमच्यावर ओरडला, कुणाला काळा कुत्रा म्हणाला, की संध्याकाळी हा आमच्या खोलीवर यायचा. खाटेच्या कडेवर बसायचा, टोपी हातात फिरवायचा आणि म्हणायचा, "बहोत बुरा लगा हमको. हम वैसा आदमी नहीं है, युसुफ." मी म्हणायचो, "नहीं साहेब, आप तो अच्छे हो." मग त्याला बरं वाटायचं आणि तो जायचा.

दाऊदमामू आमच्याच गावचा, श्रीवर्धनकडचा. त्याची जीभ सुरीसारखी. साहेब गेला की म्हणायचा, "शिव्या खाल्ल्या आपण, आणि दुखणं याचं. ज्याने शिवी दिली त्याच्या दारात जा म्हणावं की एकदा. तिथे नाय जाणार. इथे चहा फुकट मिळतो." मला ते आवडत नसे. मी म्हणायचो, "मामू, जेवढं करतो तेवढं तरी कोण करतं?" मामू म्हणायचा, "करतो काय, ते सांग आधी."



मग तार आली. ऑफिसातल्या कारकुनाने वाचून दाखवली. माझी बायको हलीमा पहिल्या बाळंतपणात अडली होती, मुलगी झाली होती, दोघींची हालत नाजूक, लवकर या. लाँच कालच गेलेली. पुढची तेरा दिवसांनी. विमान मात्र गुरुवारी होतं, बाहरीनला जाणारं, आणि तिथून दुसऱ्या दिवशी मुंबईचं विमान मिळायचं. बेटावरून निघायला माझ्यापुढे दुसरी वाट नव्हती. पोहून जायची असती तर ती मी धरली असती.

मी मॅनेजरकडे गेलो. त्याने वर न बघता सांगितलं, विमान सीनियर लोकांसाठी आहे. पासपोर्ट लाँचच्या दिवशी मिळेल. खलास.

मग वॉल्टर साहेबाकडे गेलो. तो त्याच्या केबिनच्या सावलीत पाइप ओढत बसला होता. तार त्याच्या हातात दिली. त्याने वाचली, तोंड पाडलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बहोत बुरा, युसुफ. बहोत बुरा."

मी म्हटलं, "साहेब, मॅनेजरला एक शब्द बोला. तुमचं ऐकेल."

"रूल हमने नहीं बनाया, युसुफ."

"रूल आपने नहीं बनाया. लेकिन उस रूल की कुर्सी पर बैठते तो आप हो ना?"

त्याचा चेहरा लाल झाला. उन्हाने होतो तसा नाही, मानेपासून वर चढत गेला. पाइप खाली ठेवला. "तुम हमको उन लोगों में गिनता है? हम! हम तुम्हारे साथ जमीन पे बैठके खाता है. और कौन खाता है, बोलो? इतना करके ये सुनना पडता है?" आणि उठून केबिनमध्ये गेला, दार लावलं. मी बाहेर तार घेऊन उभा. बायको मरते माझी, आणि रुसलेला तो.

ही गोष्ट तासाभरात सगळ्या छावणीत पसरली. आमच्या मेसमधले सगळे माझ्यावरच उठले. "एकच तर माणूस आपला होता, तोही घालवलास." "त्याच्या मनाला लागलं रे." "जा, पाय धर त्याचे, यल्ला, चल लवकर." दाऊदमामू एकटा त्यांच्यात नव्हता. शेवटी तोच म्हणाला, "युसुफ, खरं बोललास. पण आता तुला सीट हवी की खरं हवं? दोन्ही नाय मिळायचं." त्याने साखर, तूप काढून शिरा केला, बशीत घालून माझ्या हातात दिला.

मी गेलो. माफी मागितली. म्हटलं, "साहेब, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तुम्ही तसे नाही." जन्मात एवढा हलका शब्द मी बोललो नाही. त्याचे डोळे भरून आले. त्याने मला मिठी मारली, शिरा खाल्ला, बशी पुसून खाल्ली. "भूल जाओ, युसुफ. हम मॅनेजर से बात करेगा."

गुरुवारी सकाळी मी पिशवी भरून पट्टीवर उभा राहिलो. विमान आठ जणांचं. चौघे साहेब आले. तिघांच्या मागे चौथा वॉल्टर साहेब. त्याला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. माझ्याकडे बघितलं, माझ्या पिशवीकडे बघितलं, आणि हळू म्हणाला, "मौका नहीं मिला बोलने का. सॉरी, युसुफ." शिडी मीच धरली होती. तो गुडघा धरत वर चढला. दार बंद होण्याआधी मी आत बघितलं. चार जागा रिकाम्या. एकीवर त्याने त्याची टोपी ठेवली.

शिडी मी काढली. माझं कामच होतं ते.

तेरा दिवसांनी लाँच, मग दुबईहून आगबोट, डेकवर. मुंबईहून गावची बोट. घरी पोचलो तेव्हा तार येऊन बावीस दिवस झाले होते. हलीमा जगली होती. भिंतीला टेकून बसली होती, पिवळी पडलेली. मुलगी चौथ्या दिवशी गेली. नाव ठेवायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी हलीमाने विचारलं, "तिकडे विमान आहे म्हणत होतात ना? त्यात नाय मिळाली जागा?"

मी म्हटलं, "भरलेलं होतं."

काय सांगणार? की जागा होत्या, चार होत्या, पण त्या माझ्यासारख्याला नव्हत्या? की मी त्यासाठी माफी मागितली, शिरा घेऊन गेलो, आणि नंतर स्वतःच्या हाताने शिडी काढली? लाज त्यांना वाटायला हवी होती. वाटली मला.

करार बाकी होता, परत गेलो. पहिल्या शुक्रवारी वॉल्टर साहेब मेसमध्ये आला. त्याला कुणीतरी मुलीचं सांगितलं होतं. चटईवर बसला आणि रडायला लागला. मोठ्याने, हुंदके देऊन. "हमारा गलती है. हम कैसा आदमी है, युसुफ? बोलो, हम कैसा आदमी है?" सगळे हातातला घास टाकून माझ्याकडे बघायला लागले. मी त्याची पाठ थोपटावी म्हणून वाट बघत होते. मीही हात उचलला होता. मग तो खाली ठेवला.

मी म्हटलं, "साहेब, रोना है तो अपने कमरे में जाओ. इधर रोने की बारी मेरी है."

त्याचं रडणं तोंडातच थांबलं. मला वाटलं आता पुन्हा लाल होईल, केलेलं सगळं मोजून दाखवेल. त्याने डोळे पुसले, भिंत धरून उठला, बूट घातले आणि गेला. पुढे कितीतरी शुक्रवार आला नाही. कुणाला बोलला नाही, तक्रार केली नाही. मेसमधले मला म्हणायचे, "हबीबी, फार बोललास." मामू म्हणायचा, "जेवू द्या युसुफला सुखाने."

थंडी पडायच्या सुमाराला कुट्टी नावाच्या मलबारी सुताराला तार आली, बाप शेवटच्या घटका मोजतोय. मॅनेजरने त्यालाही लाँच सांगितली. त्या गुरुवारी मी शिडी धरून उभा होतो. वॉल्टर साहेबाला सुट्टीवर जायचं होतं, वर्षाने घरी. तो कुट्टीचा हात धरून पट्टीवर आला. मॅनेजर समोरच होता. वॉल्टर साहेब त्याच्याशी इंग्रजीत बोलला. आवाज चढवला नाही. मला थोडं कळलं, बाकीचं कारकुनाने नंतर सांगितलं. म्हणाला, कुट्टी बसला नाही तर मी बसत नाही. मॅनेजर म्हणाला, रूल आहे. हा म्हणाला, मागच्या वेळी चार जागा रिकाम्या होत्या, एका माणसाची मुलगी मेली, मी आत बसलो होतो आणि गप्प होतो. हे माझ्या नावाने लिही, हेड ऑफिसला पाठव. नाही पाठवलंस तर मी पाठवतो.

अर्धा तास विमान उन्हात उभं. शेवटी पायलटच ओरडायला लागला. कारकुनाने कपाटातून पासपोर्ट आणून दिला आणि कुट्टी वर चढला. वॉल्टर साहेबाला मॅनेजरने खालीच ठेवलं. विमान उडालं तेव्हा तो माझ्या शेजारी उभा होता. माझ्याकडे बघून हसला नाही, बघ मी काय केलं असा चेहरा केला नाही. पायाने खडे सरकवत पंपांकडे चालत गेला.

महिन्याभरात त्याला बेटावरून काढलं. आमच्याकडे तो निरोप घ्यायला आला नाही. लोकांना वाईट वाटलं, मला नाही. त्याची पेटी मीच विमानात चढवली. शिडीपाशी तो थांबला.

"युसुफ, बच्ची का नाम क्या था?"

"नाम नहीं रखा था, साहेब."

त्याने मान हलवली आणि चढला. मी त्याला माफ केलं का? नाही केलं. त्याने जाताना माफी मागितलीही नाही. पण त्या बेटावरच्या सगळ्या गोऱ्यांत मला आठवतो तो हाच.

आता मी दुबईत मुलाकडे असतो, अल बर्शाला, सातव्या मजल्यावर. हलीमा याच घरात गेली, गेल्या शाबान महिन्यात. शेवटचे दोन महिने ती अंथरुणावरच होती. एका दुपारी खिडकीतून विमान जाताना दिसलं आणि माझ्याच्याने राहवलं नाही. इतक्या वर्षांनी म्हटलं, "हलीमा, तेव्हा विमान भरलेलं नव्हतं. चार जागा होत्या."

ती म्हणाली, "ठाऊक आहे मला. दाऊदमामूच्या बायकोने सांगितलं होतं. त्याच वर्षी."

मी विचारलं, "मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही रडत बसला असतात. पोर माझी गेलेली, आणि समजूत तुमची काढत बसू?"

माझे डोळे भरले होते. मी उठून बाहेर गॅलरीत गेलो, दार ओढून घेतलं. परत आत आलो तेव्हा ती जागीच होती. मी तिच्या पायाशी बसलो आणि म्हटलं, "पोर कशी होती, ते सांग."

तिने सांगायला सुरुवात केली.