पुलावरचा लाल झगा

"जरा थांब गं, हिची कंबर निसटतेय," मामी म्हणाली. भाचीने आपल्या बाजूचे लाकडी पाय घट्ट धरले. हे सगळं पुढे लिहून काढलं ते या भाचीनेच. निम्मी वाट सरली होती. दोघींच्या मध्ये आडवा होता मामीच्या शिवणाच्या दुकानातला पुतळा. कापसाने भरलेलं धड, खाली तीन पाय, अंगात लाल झगा. हात नाहीत, डोकं नाही.

"पेशंट कुठं निघालं, बाई?" सायकलवरून जाताना दूधवाल्याने विचारलं.

"घरी! सरकारी पाहुणचार संपला तिचा," मामीने चालता चालता उत्तर फेकलं.

मामी अशीच. नवऱ्यामागे तिने मशीन चालवून दोन मुली मार्गी लावल्या, पण रडगाणं कधी गायलं नाही. सकाळी देवापुढे दिवा, दोन हात जोडायचे आणि लागायचं कामाला. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत ती नजरेनेच त्याचं माप घ्यायची, म्हणून गल्लीत सगळे तिला मापमामी म्हणायचे.

दुकानासमोर ओढ्यावर छोटा पूल. पलीकडे बाजार, दवाखाना, बसथांबा, सरकारी कचेरी. एक दिवस पुलाची मधली फरशीच खाली गेली. माणूस आत जाईल एवढं भगदाड पडलं. मामीने कचेरीत खेटे घातले, साहेब प्रत्येक वेळी "बघतो" म्हणाले. पुलावर दिवा नाही. शेजारचे आजोबा अंधारात निघाले आणि मांडीपर्यंत आत गेले. देवाची कृपा, चप्पल गेली, पाय राहिला.

त्याच संध्याकाळी मामीने पुतळा उचलला, गिऱ्हाईक न्यायलाच न आलेला लाल झगा त्याला चढवला आणि पुलाच्या तोंडाशी नेऊन उभा केला. लाल रंग दुरूनच दिसायचा. लोक थबकायचे आणि लांबच्या वाटेने जायचे.

"पगार न घेणारा पहारेकरी मिळाला की आपल्याला!" आजोबा खूश झाले.

पण पलीकडून कोणीतरी तिन्हीसांजेला मोबाइलवर चित्रण केलं आणि दुसऱ्या दिवशी टीव्हीवाल्यांची गाडी दारात.

"अहो, ही माझ्या दुकानातली आहे. खरी बातमी पुलाची, ते भगदाड दाखवा," मामी माइकमध्ये म्हणाली.

"ते दाखवू हो, मामी. पण तुम्ही जरा घाबरून बोला ना," माइकवाली पोरगी लाडाने म्हणाली.

जेवताना सगळ्यांनी बातमी पाहिली. 'तुटक्या पुलावर डोकं नसलेली बाई! कोणाचा सूड घ्यायला आली?' झग्याभोवती लाल गोल, त्याकडे बाण आणि अंगावर काटा आणणारं संगीत. बाण भगदाडावरूनच गेला, पण थांबला झग्यापाशी. चार जण चौकटींतून एकमेकांवर ओरडत होते. मामीचं तोंड हलत होतं, आवाज बंद. खाली पट्टी: 'स्थानिक महिला भयभीत'.

"मी भयभीत?" मामीचा घास हातातच राहिला. "आणि केस बघ माझे! विंचरून तरी घेऊ द्यायचे होते मेल्यांनी."

दुसऱ्या दिवशी मात्र तिचं हसू मावळलं. कचेरी हलली, तीही कशी, ट्रक घेऊन! लोकांची भीती घालवायची म्हणून साहेबांच्या माणसांनी पुतळा उचलला आणि भगदाडाला वळसा घालून नेला. भगदाड जिथल्या तिथे. राखण करणारी तेवढी गेली. संध्याकाळी भूत बघायला गर्दी, पोराबाळांसकट, त्याच अंधाऱ्या पुलावर. मामी आणि आजोबा घसा कोरडा पडेपर्यंत ओरडत लोकांना मागे ढकलत राहिले.

म्हणून आज सकाळीच मामी भाचीला घेऊन कचेरीत गेली होती. साहेबांनी पुतळा परत दिला. वर बजावलं, "पुन्हा लोकांना घाबरवू नका."

"आणि पूल, साहेब?"

"पुलाचं काही टीव्हीवर आलेलं नाही."

पूल तुटका, त्यामुळे परतायचं तेही वळशानेच. एका बंद दुकानाच्या पायरीवर दोघी टेकल्या. पुतळा मध्ये बसवला.

"आज परत गर्दी होणार," मामी म्हणाली. "कोणाचं लेकरू आत गेलं तर, गं?"

"मग हिला पुन्हा उभी करायची? परत येतील ना ते गाडीवाले."

"येऊ देत की. यायलाच हवेत." मामीच्या डोळ्यांत मिश्कील काहीतरी चमकलं. तिने झग्यावरून गळ्यापासून घोळापर्यंत नजर फिरवली, जणू माप घेतेय. मग भाचीचा हात धरला.

"तुझं अक्षर टपोरं आहे. घरी पोचलो की मला एवढं करून दे. पांढऱ्या रंगाने लिही, 'पूल तुटलाय'. गळ्यापासून घोळापर्यंत लिही, मागूनपुढून. टीव्हीवर हिला दाखवायचं म्हटलं तर ते वगळताच येऊ नये, असं लिही बाई."