हिरवं बटण

सयाजी मिस्त्रींना कॉफी जन्मात कधी आवडली नाही. कडू जहर नुसती! तरी दिघीच्या त्या दोन खोल्यांत दुपारची झोप झाली की ते ओट्याशेजारच्या खुर्चीत मुकाट्यानं येऊन बसायचे. कारण आख्ख्या दिवसात तेवढी एकच वेळ उरली होती, जेव्हा त्यांची बायको त्यांना ओळखायची.

यशोदाबाईंची आठवण गेली होती. एकदम नाही, भिंतीचे पोपडे निघतात तशी. आधी गॅस बंद करायचा राहू लागला, मग घराचा जिना सापडेना, मग पोटची लेक वर्षाली परकी झाली आणि शेवटी खुद्द सयाजी. पण त्या जुन्या इटालियन मशीनपुढं उभ्या राहिल्या की त्यांचे हात आपोआप चालायचे. वाकडला एका परदेशी बाईंकडे त्या वर्षानुवर्षं स्वयंपाकाला होत्या, तिथं शिकलेलं ते काम. बाई मायदेशी परत गेल्या तेव्हा मशीन यशोदाबाईंनाच देऊन गेल्या. पितळी टाकी, वर फिरकीचं झाकण, पुढं लांब हँडल. पाणी भरायचं, वाफ धरली की हँडल खाली ओढायचं. मग आतली स्प्रिंग ते सावकाश वर नेते आणि खाली कॉफीची धार लागते. ती कॉफी त्या स्टीलच्या पेल्यात घ्यायच्या आणि वर गुळाचा खडा टाकायच्या, कारण नवऱ्याला कडू चालत नाही. मग पेला पुढं करायच्या.

"अहो, घ्या. निवंल."

बस्स, एवढंच. त्या 'अहो'साठी हा माणूस रोज ते जहर प्यायचा.

आणि एका दुपारी घात झाला. पाणी भरलंय हे विसरून यशोदाबाईंनी तापल्या टाकीचं झाकण फिरवलं. वाफेनं मनगट सोलून निघालं. तळेगावहून वर्षाली धावत आली, आईचा हात बघून रडली आणि म्हणाली की बाबा, ही बला आजच भंगारात घाला. तिचं तरी काय चुकलं? सयाजी म्हणाले, मी बघतो काय करायचं ते.

आता चाकणच्या कंपनीत मेन्टेनन्समध्ये उभा जन्म घालवलेला माणूस 'बघतो' म्हणतो, तेव्हा तो काय बघणार? तिथं उठता-बसता एकच धडा, पोकायोके. म्हणजे मशीनच असं करून ठेवायचं की माणसानं चूक करायची म्हटली तरी होऊ नये. सयाजींनी ब्रेक बनवायच्या लाइनवर असे कितीतरी बदल केलेले, त्यांचा फोटो कंपनीच्या फलकावर लागलेला. घरातल्या बाईच्या चुकाही अशाच मिटवता येतील, असं त्या भल्या माणसाला मनापासून वाटलं हो.

तळवड्याला अजिमभाईंचं वर्कशॉप होतं. जुना दोस्त, एकाच शिफ्टला राबलेले दोघं. मशीन तिथं नेलं. झाकणाला खिट्टी बसवली, टाकी गार झाल्याशिवाय ते फिरणारच नाही अशी. पाणी संपलं की करंट तुटेल अशी सोय केली. इथं थांबले असते तर! पण एकदा हात घातल्यावर थांबेल तो मिस्त्री कसला? हँडल निसटलं तर उसळून हनुवटीवर बसेल, म्हणून सयाजींनी हँडलच काढून टाकलं. स्प्रिंग काढली, पंप बसवला आणि पुढं एकच हिरवं बटण दिलं. अजिमभाईंनी टोकलं होतं. भाभींना आधी दाखवून घे, म्हणाले, ऑपरेटरला विचारल्याशिवाय आपण कधी बदल केलाय का?

"तिला काय विचारायचं?" सयाजी म्हणाले. "तिला काय कळतंय आता?"

पंप दाब धरेना, तो बदलावा लागला, काम लांबत गेलं. इकडे घरी यशोदाबाई दुपारी ओट्याशी यायच्या, मशीनच्या रिकाम्या जागेपुढं उभ्या राहायच्या आणि हवेतच हात वर नेऊन सावकाश खाली ओढायच्या. सयाजींना ते बघवायचं नाही. झालंच आता, दोन दिवसांत आणतो, असं ते बायकोला सांगायचे. पुढं पुढं हात हलायचे थांबले. बरं झालं, शांत झाली, असं ते समजले. काय म्हणावं या माणसाला!

मशीन घरी आलं ते लख्ख होऊन. यशोदाबाई पुढं आल्या. हात सवयीनं थोडा वर गेला, तिथं काहीच नव्हतं. सयाजींनी बटण दाबून दाखवलं. पंप घरघरला, कॉफी आपली आपण पेल्यात पडू लागली आणि त्या दचकून भिंतीला टेकल्या. आपण काय करून बसलो ते सयाजींना तिथंच कळलं.

त्याच पावली ते मशीन उचलून तळवड्याला गेले. हँडल आणि स्प्रिंग अजिमभाईंनी फडक्यात गुंडाळून ठेवली होती. दोघांनी पंप काढला, बटण काढलं, सगळं होतं तसं जोडलं.

दुसऱ्या दुपारी मशीन ओट्यावर तापत होतं. एक जोड जरा गळत होता, तो सयाजी पान्यानं आवळत होते. यशोदाबाई आल्या. सयाजींनी त्यांचा हात हलकेच धरून हँडलवर ठेवला. तो तिथं राहिला नाही, घसरून खाली आला. त्यांनी पुन्हा ठेवला.

"ओढ ना गं," ते म्हणाले. "यशोदे, एकदाच ओढ."

यशोदाबाईंनी हात सोडवून घेतला. पदर सारखा केला, पान्याकडे बघितलं आणि परदेशी बाईंच्या घरी आल्यागेल्याशी बोलायच्या तशा अदबीनं बोलल्या.

"बाई घरात न्हाईत, मिस्त्री. तुमी नंतर या."

सयाजींनी पाना पिशवीत टाकला. बरं, म्हणाले. मशीनचा स्विच बंद केला, चपला घातल्या आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले. पाठीमागं आतून कडी लागली.