साडूंची सर्दी

माझ्या साडूंइतका सर्दीचा मान राखणारा माणूस अख्ख्या मावळात दुसरा सापडायचा नाही. आपण दोन शिंका देऊन कामाला लागतो. साडूंना एक शिंक आली की पवनानगरच्या त्यांच्या घरात जावई आल्यासारखी धावपळ सुरू होते. त्यांचं ताट-तांब्या वेगळं होतं, खाट पडवीत जाते, नातवंडांना जवळ फिरकायची बंदी होते. मग तोंडाला उपरणं बांधून ते गरम पाणी पीत पडून राहतात. भाताची कापणी ऐन भरात असली तरी उठत नाहीत. "तिला लागायचं तेवढं दिस लागत्यातच," म्हणतात. "घाई करून कुटं जायाचंय?"

दुकानातून कुणी मनानेच अँटिबायोटिक आणलेलं दिसलं, तर ते त्याला भर रस्त्यात थांबवतात. "डॉक्टरनं दिली व्हय? न्हाई ना? सर्दीला ती गोळी चालत न्हाई बाबा." सर्दी आणि फ्लू यांची गल्लत त्यांना खपत नाही. "सर्दी दमानं येती. आदी घसा, मंग नाक. फ्लू दार लोटूनच आत. सकाळी धडधाकट गडी दुपारी अंग मोडून पडतो." तापाच्या माणसाला ते बाहेरूनच विचारतात, "दम लागतोय का? छातीत दुखतंय का? उतरल्याला ताप परत चढला का?" एकालाही होकार आला, की स्वतः जीप बोलावून त्याला दवाखान्यात धाडतात. अर्थात, उशाशी लसूण ठेवला की नाक मोकळं होतं, हेही ते तितक्याच खात्रीनं सांगतात.

आमच्या नातवाचं लोणावळ्याला बारसं होतं, त्या दिवशी साडू आले ते फाटकाबाहेरच धुक्यात उभे राहिले. मी बोलवायला गेलो.

"भाऊ, सकाळधरनं घसा खवखवतोय. बाळ लय न्हान हाय. खिडकीतनं दावा, मी हितनंच बगतो."

"आत व्याही बसलेत. नाटकं करू नका."

"बरं," म्हणाले, आणि बस स्टँडकडे चालू लागले.

आमच्यात समारंभातून माणूस निघून गेला, की कारण मानपानाचंच असणार. दुसरं कुणाला सुचतच नाही. "टॉवेल-टोपी आधी व्याह्यांना दिली, म्हणून रुसले," असं माझ्या बहिणीनं जाहीर केलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं कारण एकट्या मला माहीत होतं. पण घसा खवखवला म्हणून पाहुणा परत गेला, हे व्याह्यांपुढे सांगायची मला लाज वाटली. रुसवा निदान प्रतिष्ठेचा होता.

पुढे प्रत्येक कार्यात साडू दिसले की कुणीतरी म्हणायचं, "आधी यांना टोपी द्या, नाहीतर जातील." ते हसायचे. मग हळूहळू येईनासे झाले. एवढा माणसांचा लोभी माणूस. पण आमच्याकडच्या पंगतीत त्यांची जागा रिकामी राहू लागली, आणि मी गप्पच राहिलो.

या हिवाळ्यात मनाचा हिय्या करून मी पवनानगरला गेलो. अंगणात शिरताना खोकला आला. पडवीतून साडूंनी हात वर केला. "तितंच थांबा, भाऊ."

मग मी आंब्याखालूनच, चार घरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, सगळं सांगितलं. शेजारची म्हातारी सूप खाली ठेवून ऐकत राहिली. साडूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ते समदं ठावं हाय मला," म्हणाले. "ताप हाय का?"

"नाही."

"मंग घरला जाऊन पडा. बरं झाल्याव या, शेजारी बसून बोलू."

आता मी बरा झालोय, तर त्यांना सर्दी झाली आहे. आमच्या वयात असल्या मुहूर्तांची फार वाट पाहू नये, म्हणून बारशाला आलेल्या सगळ्यांसाठी हे लिहिलं. माझे साडू रुसून गेले नव्हते. ते आमच्या बाळासाठी गेले.

काल फोनवर त्यांचा आवाज बसलेला होता. मी म्हटलं, "येतो, लांबच उभा राहीन."

"स्वेटर घालून या," ते म्हणाले.