लग्नाआधीची सहा वर्षं

मला अठ्ठावन्न पूर्ण व्हायला वर्ष राहिलं होतं, तेव्हा कंपनीच्या एचआरमधल्या मॅडमनी बोलावून सांगितलं, "काकू, तुम्हाला पेन्शन बसत नाही."

बारामतीच्या एमआयडीसीत कपडे शिवणाऱ्या एका कंपनीत मी चेकिंगला आहे. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, सुटलेला धागा, वाकडी कॉलर, चुकलेलं काज शोधायचं आणि माल परत पाठवायचा. बायको दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार घेते, असं आमचे हे सगळ्यांना सांगतात. घरी तेच काम ती फुकटात करते, हेही लगेच जोडतात.

पेन्शनला दहा वर्षं नोकरी लागते. माझी अठ्ठावन्नला आठच भरणार होती. म्हणजे साठलेले पैसे एकदा हातात पडणार आणि विषय संपणार. एकदम आलेल्या पैशाचं आमच्या घरात काय होतं ते मला ठाऊक आहे. आमचा भाजीपाल्याचा मळा. पैसा दिसला की बोअरची मोटर जळते, ठिबकच्या नळ्या उंदीर कुरतडतात, नाहीतर भावकीत कुणाचं तरी लग्न निघतं. मला एकदम काही नको होतं. थोडं का होईना, दर महिन्याला माझ्या खात्यात येत राहावं आणि ते खर्चताना कुणाला विचारावं लागू नये, एवढंच हवं होतं. म्हातारपणी सुनेपुढे हात पसरायचा नाही, हे मी सून यायच्या आधीच ठरवून ठेवलं होतं.

"मॅडम, लग्नाआधी मी सहा वर्षं नोकरी केलीय. पीएफ कापत होते," मी म्हणाले.

त्यांनी माझा भरतीचा फॉर्म काढून समोर ठेवला. याआधी पीएफ होता का, या प्रश्नापुढे माझ्याच अक्षरात 'नाही' लिहिलेलं होतं.

मी खोटं बोलायचं म्हणून लिहिलं नव्हतं. इंदापूर तालुक्यात एका डेअरीच्या लॅबमध्ये मी दुधाची फॅट तपासायला होते. सकाळचं दूध यायच्या आत हजर राहावं लागायचं, हाताला कायम ॲसिडचा वास असायचा, आणि मी त्या नोकरीवर खूश होते. पण सासरी त्या नोकरीचा विषय कधी निघाला नाही. पोरीनं लग्नाआधी काय केलं ते माहेरी राहिलं, असाच सगळ्यांचा हिशेब. पुढे माझाही तोच झाला. मुलं मोठी झाल्यावर मी कंपनीत मुलाखतीला गेले, तिथे अनुभव विचारला, तर मी "घरकाम आणि शेती" म्हणून मोकळी झाले.

शिवाय ती डेअरीतली मुलगी कागदावर मी नव्हतेच. आमच्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलतात. माझं नाव आणि माझ्या थोरल्या जावेचं नाव एकच निघालं. एका घरात एका नावाच्या दोघी कशाला, म्हणून माझं बदललं. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, आणि पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही एका दुपारी गेली. आधार, पॅन, बँक सगळीकडे नवीन नाव. डेअरीच्या नोंदीत मात्र जुनंच.

एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "हे आमच्या हातचं नाही. भिगवण रोडला एक सल्लागार आहेत, त्यांच्याकडे जा."

त्या सल्लागार बाई चाळिशीच्या, वकिली शिकलेल्या, छोट्या कंपन्यांची पीएफची कामं बघणाऱ्या. मी बसायच्या आत त्यांनी फी सांगितली. फी आधी सांगणारं माणूस मला आवडतं, "बघू हो, तुम्ही काय परक्या आहात का" म्हणणाऱ्यांनी आजवर मला जास्त खड्ड्यात घातलंय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "लग्नाच्या वेळी डेअरीतला पैसा काढला होता का?"

मला माहीत नव्हतं. तेव्हा व्यवहार वडील बघायचे.

"मग आधी ते शोधा. पीएफ वेगळा आणि पेन्शन वेगळी, दोन्हीचे फॉर्म वेगळे. पीएफ काढला असेल तर बिघडत नाही. पण पेन्शनचाही काढला असेल, तर त्या सहा वर्षांवर पाणी सोडा. मग माझ्याकडे परत येऊन फी वाया घालवू नका."

वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आई लासुर्ण्याला भावाकडे असते. रविवारी सुट्टी बघून मी गेले. आई ओट्यावर बसून घेवडा निवडत होती. वय झालंय, पण माहेरची प्रत्येक गोष्ट कुणी किती वेळा मागितली इथपर्यंत तिला आठवते. मी तिच्यासमोर बसून विचारलं, डेअरीतला पैसा काढला होता का गं?

"काढला की! त्यातनंच तर तुझी भांडी घेतली. तो मोठा हंडा कशातनं आलाय मग?"

तो हंडा आता माळ्यावर आहे, त्यात कडधान्य असतं. मला त्या क्षणी हंड्याचाही राग आला.

"सगळाच काढला का? दोन कागद होते म्हणे."

आईनं घेवडा खाली ठेवला. "दुसऱ्या कागदाचं न्हाय झालं काय. त्यो क्लार्क म्हनला, ह्याच्यावर पोरीची सही लागंल. पर तवर तुझं लगीन हून तू सासरी. तुझं आबा तो कागूद पिशवीत घालून दोनदा निघालं आन् फाट्यावरनं माघारी आलं."

"का?"

"का म्हंजी? लेकीच्या दारात पैशाचा कागूद घिऊन जायाचं? लोक काय म्हनतील, सोयरिक झाली न्हाय तवर बाप हिशोब मागाया आला. म्हनलं, र्‍हाऊ दे, जाऊ दे त्यो पैसा."

माझे वडील भिडस्त होते, हे आमच्या घरातलं जुनं दुखणं. उधारी मागायला ते कधी गेले नाहीत. बांधावरून भांडण झालं तर तेच दोन पावलं मागे सरायचे. त्या स्वभावापायी आईनं आयुष्यभर त्यांना टोमणे मारले आणि मोठी झाल्यावर मीही मारले. आणि आता आईकडून हे ऐकताना, ते फाट्यावर पिशवी घेऊन उभे आहेत आणि जावं की न जावं करतायत, असं मला दिसलं. ते चार पावलं पुढे आले असते, तर मी आनंदानं सही केली असती आणि सहा वर्षं तिथेच संपली असती. मी आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, जन्मात एकदा तरी त्या लाजंचा उपेग झाला."

सल्लागार बाईंनी पीएफ ऑफिसात चौकशी केली. आईचं म्हणणं बरोबर निघालं. पेन्शनची सहा वर्षं जिथल्या तिथे होती. आता ती आणि ही आठ एकत्र करायची, म्हणजे चौदा होतात. प्रश्न एवढाच होता, की ती मुलगी आणि मी एकच आहोत हे सिद्ध कसं करायचं.

"शाळेचा दाखला आहे, तो जुन्या नावाचा. आधार नवीन नावाचं. मधला दुवा म्हणजे विवाहनोंदणीचं प्रमाणपत्र. ते द्या," बाई म्हणाल्या.

ते नव्हतंच. आमच्या काळी गावाकडे कोण लग्नाची नोंद करत होतं? मांडव पडला, अक्षता पडल्या, पाचशे पान उठलं, झालं लग्न. बाई म्हणाल्या, "मग आता करा."

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, आपल्याला लग्न करायला लागतंय.

"परत? एकदा केलं ती चूक पुरंना का?"

तरी आले. ग्रामपंचायतीत ग्रामसेवकानं लग्नपत्रिका मागितली, लग्नातला फोटो मागितला, तीन साक्षीदार मागितले आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही मागितली. भटजी केव्हाच देवाघरी गेलेले. हे म्हणाले, "त्यांची सही आनायची तर मला वर जावं लागंल, आन् मग पेन्शन तुला दुसरीच मिळंल." ग्रामसेवक हसला आणि भटजींऐवजी प्रतिज्ञापत्र चालेल म्हणाला. पत्रिका माझ्या जावेच्या ट्रंकेत सापडली. ज्या जावेमुळे माझं नाव गेलं तिनंच ती जपून ठेवलेली, तेव्हा तिला काही बोलायची माझी सोय राहिली नाही. फोटोत माझं अर्धं तोंड मुंडावळ्यांत आणि उरलेलं रडण्यात गेलेलं. ग्रामसेवकानं विचारलं, यातली नवरी कोण? हे म्हणाले, "ती रडतीय ती. माझी पाळी नंतर आली." साक्षीदारांच्या सह्या झाल्या, हार नाही, अक्षता नाहीत, बाहेर येऊन आम्ही दोघांनी चहा घेतला. एवढ्या वर्षांनी आम्ही सरकारदरबारी नवराबायको झालो. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी फार मजा आली.

प्रमाणपत्र आलं. डेअरीत आता माझ्या ओळखीचं कुणी नाही, पण जुन्या हजेरीवरून त्यांनी सही-शिक्का द्यायचं कबूल केलं. राहिला शेवटचा फॉर्म. बाईंनी तो माझ्यापुढे ठेवला आणि पेन दिलं.

त्यात दोन रकाने होते. डावीकडे 'नोंदीतील चुकीची माहिती', उजवीकडे 'बरोबर माहिती'. बाईंनी डावीकडे बोट ठेवलं. "इथे जुनं नाव लिहा."

"मॅडम, ते चुकीचं नाही. बदललंय."

"मला कळतं, ताई. पण फॉर्मात बदललेलं असा रकानाच नाही."

"मग उलटं लिहू? जुनं बरोबर आणि आताचं चूक?"

त्यांना राग येईल असं वाटलं होतं, पण त्या नीट बसून बोलल्या. "लिहिता येईल. मग आधार, पॅन, बँक, परवाचं विवाहाचं प्रमाणपत्र, मुलांचे कागद, सगळ्यावर नाव बदलून आणा. तुमचं अठ्ठावन्न तोंडावर आलंय. मी सल्ला द्यायला बसलेय, म्हणून सांगते. डावीकडे लिहा आणि घरी जा."

सल्ला योग्य होता. मी त्याचेच पैसे दिले होते. तरी माझा हात चालेना. मला राग आला होता, आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं. बाई आपलं काम करत होत्या, सासरच्यांनी रीत पाळली होती, जाऊबाईंनी तर पत्रिका जपली होती. रागवायला एकही माणूस सापडत नव्हतं. शेवटी मी लिहिलं. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, एकही अक्षर न तोडता, शाळेत शुद्धलेखनाला काढायचे तसं वळणदार. बाई म्हणाल्या, एवढं सावकाश नको, नुसतं वाचता आलं तरी पुरे. मी म्हटलं, असू दे.

दोन महिन्यांनी मोबाइलवर मेसेज आला, आणि बाईंचा फोनही आला. सहा आणि आठ वर्षं एका नावावर जमा झाली होती. मला पेन्शन बसली. जिवंत असेपर्यंत दर महिन्याला माझ्या खात्यात येत राहणार होती.

मी लगेच आईला फोन लावला. आई मला अजून जुन्याच नावानं हाक मारते. आता माझं ते नाव घेणारं जगात तिच्याशिवाय फारसं कुणी उरलेलं नाही. तिनं फोन उचलल्या उचलल्या त्याच नावानं विचारलं, झालं का काम?

"झालं. पण आई, तुम्ही ठेवलेलं नाव मी चुकीचं म्हणून लिहून दिलं."

"आमी कुठं ठिवलं? तुझ्या आत्यानं ठिवलंय, बारशात. तिला सांग."

"आई, मी चेष्टा करत नाही."

मग ती म्हणाली, "हे बघ, त्या नावाच्या पोरीनं पाटं उठून कमावलं म्हणून तुला म्हातारपणी खायाला मिळनार हाय. तू तिला चुकीची म्हन न्हायतर काय बी म्हन. तिनं तुला टाकलं न्हाय."

फोन ठेवून मी तिथेच बसून रडले. हे मळ्यातून आले आणि काम झालं का विचारायला लागले. मी मानेनंच हो म्हटलं. मग रडतीयस कशाला, असं त्यांनी दोनदा विचारलं.