दबक्या पावलांची तालीम

लॉन्ड्रीवाल्या मावशीला काळजी करायला कारण कधी लागलं नाही. पण या वेळी ते खरंच होतं. लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत, इस्त्रीची टेबलं भिंतीला सरकवून, तिनं नाचाचं मंडळ जमवलं होतं. बेकरीवाला, शाळेच्या बसची ड्रायव्हरबाई, शिंपीण आणि ढोल वाजवणारा सुतार. चौघांच्या चार भाषा, चार मुलुख! प्रत्येकानं आपल्या आजोळचा नाच बाकीच्यांना शिकवायचा, हा मावशीचा हुकूम. स्वतःला एक पाऊल धड टाकता येत नव्हतं, पण दटावायला सगळ्यांच्या पुढे.

आता मालकाला खोली परत हवी होती. वस्तीच्या सभागृहात जागा मिळाली तर ठीक, नाहीतर मंडळाचं बिऱ्हाड उठलंच. तिथली कमिटी आज नाच बघून ठरवणार होती. मावशीचा जीव सकाळपासून टांगणीला लागला होता.

त्यात सभागृहात पोचल्यावर पहिल्याच रांगेत तिला लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर राहणारी नर्स दिसली. रात्रपाळी करून दिवसा झोपणारी बाई. पहिल्या तालमीला ती खाली आली होती. भांडली असती तर मावशी पुरून उरली असती. पण ती बिचारी पायरीवर बसून रडायलाच लागली. "मावशी, जरा डोळा लागू द्या हो." झालं! तेव्हापासून जमिनीवर जुन्या चादरी, पायांत मोजे, ढोलावर रजई. मावशी मात्र नाच सोडून छताकडे बघत उभी. कुणाचा पाय जोरात पडला की तिचा तळहात खाली दाबल्यासारखा हलायचा: हळू, माणूस झोपलंय वर.

'आता ही कमिटीपुढे तक्रार करणार,' मावशीनं गृहीतच धरलं.

नाच सुरू झाला. ड्रायव्हरबाईच्या गावचा, पाय आपटण्याचा. मोजे काढले होते, रजईही काढली होती. पण अंगात भिनलेली सवय कुठली जायला! पावलं मांजराची पडत होती. ढोल नुसता पुटपुटत होता. कमिटीच्या अध्यक्षांनी शेजाऱ्याला विचारलं, "आजारी आहेत का हो हे?"

'जोरात' म्हणून खुणावायला मावशीनं हात वर केला आणि मेला तो हात सवयीनं खालीच दाबला गेला. नाच आणि ढोल आणखी हळू झाले.

तेवढ्यात नर्स ताडकन उभी राहिली.

"अहो, आपटा की पाय!" ती ओरडली. "मी जागी आहे!"

ड्रायव्हरबाईनं तिच्याकडे पाहिलं, हसली, आणि असा पाय हाणला की स्टेजच्या फळ्या दणाणल्या. मग काय, चौघंही सुटलेच. मावशीनं एकदा छताकडे पाहून घेतलं आणि तिला रडू फुटलं.

अध्यक्षांनी होकार दिला तेव्हा तिचं लक्षच नव्हतं. ती नर्सला विचारत होती, "आज झोपली नाहीस ना? डोळे बघ कसे झालेत!"

"झोपेन हो. आधी पुन्हा एकदा नाचवा त्यांना. इतके दिवस नुसती कुजबुजच ऐकलीय."