मागच्या खोलीची किल्ली

हॉलवर त्यांना सगळे किल्लीकाका म्हणत. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा, की काका दिसायच्या आधी ऐकू यायचे. स्वयंपाकघरात कुणी पाय पसरून बसलं असेल, तर तो खुळखुळाट ऐकून घाईघाईनं कढई घासायला घ्यायचं. लग्नाच्या त्या हॉलची व्यवस्था बघण्यात काकांचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि लग्न या प्रकाराबद्दल त्यांचं मत पक्कं झालं होतं. लग्नात सगळ्यांना जागा असते, ज्यांचं लग्न आहे ती दोघं सोडून.

हे मत काही हवेतून आलेलं नव्हतं. स्टेजवरून उतरलं की फोटो, फोटो संपले की जेवण, जेवतानाही पुन्हा फोटो, तेही घास तोंडात असताना. एकदा एक नवरी मुलगी आईच्या गळ्यात पडून रडायला लागली, तर फोटोवाला म्हणाला, "ताई, थांबा, इकडे तोंड करून रडा." बिचारीचं रडूच आटलं. काकांच्या डोक्यात तिडीक गेली.

तेव्हापासून त्यांनी मागच्या अंगणातली एक लहान खोली राखून ठेवायला सुरुवात केली. दोन खुर्च्या, पाण्याचा जग, आरसा आणि सुईदोरा, एवढाच तिचा संसार. दाराला कुलूप. कारण खोली उघडी दिसली, की बघता बघता तिथे भेटवस्तूंचे खोके, कुणाचं तरी झोपलेलं बाळ आणि बाळाच्या शेजारी घोरणारा कुणाचा तरी मामा. भर गर्दीत काका नवरीच्या चेहऱ्यावर डोळा ठेवून असत. चेहरा उतरला, की गुपचूप कुलूप काढायचे आणि तिला म्हणायचे, "ताई, कपड्यांना काहीतरी लागलंय बघा, आत आरसा आहे." मागोमाग तिची आई, भाऊ, मैत्रीण, ज्याची गरज दिसेल त्याला आत ढकलायचं आणि आपण दाराबाहेर उभं राहायचं. आत काय झालं हे त्यांनी कधी विचारलं नाही. कुणी डोळे पुसत बाहेर यायचं, कुणी पोट धरून हसत. आधी मात्र कुणालाच सांगायचं नाही, हा काकांचा नियम होता. "सांगूनसवरून रडायला बसवलं तर रडू येतं का?" असं ते स्वयंपाक्याला म्हणत.

मग त्यांच्याच मुलीचं लग्न ठरलं.

ती शाळेत असतानाच तिची आई गेली होती. शाळा सुटली की ती हॉलवर यायची आणि त्याच खोलीत बसून अभ्यास करायची. बापलेकींनी मिळून घर चालवलं, एकमेकांवर जीवही होता, पण बोलणं कामापुरतं. "गॅस बंद केलास?" "हो." "जेवलात?" "हो." आई गेली त्या दिवसाबद्दल दोघांनी कधी चकार शब्द काढला नाही. काकांना वाटायचं, विषय काढला तर पोर रडेल. पोरीलाही बहुधा वाटत असावं, की बाबा खचतील. असं एकमेकांना जपता जपता ती लग्नाची झाली, आणि लग्नाच्या दिवशीच संध्याकाळच्या विमानानं नवऱ्याबरोबर दूरदेशी जायची होती. काकांनी मनाशी ठरवलं, त्या दिवशी मागची खोली आपली. तिला एकच सांगायचं होतं. तू होतीस म्हणून मी उभा राहिलो. एवढं बोलायला कितीसा वेळ लागतो? मुलीला अर्थातच काही सांगितलं नाही. नियम म्हणजे नियम, मग ती स्वतःची लेक का असेना.

लग्नाच्या सकाळी त्यांच्या थोरल्या बहिणीनं त्यांना नवीन कोटात पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"आजच्या दिवस तरी ते लोढणं काढ कमरेचं. मुलीचा बाप आहेस तू, रखवालदार नाहीस."

काकांनी जुडगा स्वयंपाक्याच्या हवाली केला. एक किल्ली तेवढी काढून कोटाच्या खिशात टाकली.

किल्ल्या गेल्या, तरी वळण कुठे जाणार? नवऱ्या मुलाच्या एका मामांनी त्यांना बघितलं आणि चुटकी वाजवली. "अहो, दोन खुर्च्या आणा बरं इकडे." काकांनी आणल्या. "आणि तो पंखा वाढवा जरा." वाढवला. तेवढ्यात व्याही धावत आले. "अहो मामा, हे मुलीचे वडील!" मामा ओशाळले, हात जोडायला लागले. काकांना खरं तर बरंच वाटलं होतं. निदान खुर्च्या उचलताना हातांचं काय करायचं हा प्रश्न नव्हता.

लग्न लागलं. मुलगी स्टेजवर येईल त्याच्याशी हसून बोलत होती, पण ते हसू दमलेलं आहे हे काकांनी लांबूनच ओळखलं. हीच वेळ. खिशातली किल्ली चाचपत ते मागच्या दाराकडे निघाले आणि स्वयंपाकी आडवा आला.

"काका, टाकीचा पाइप निसटलाय! पाणी गच्चीवरून सरळ जेवणाच्या मांडवावर पडतंय."

"प्लंबरला बोलाव ना."

"फोनच उचलत नाही तो."

"मग जा, घरून ओढून आण त्याला. तोवर मी बघतो."

तोवर मी बघतो. हे वाक्य काका इतकी वर्षं म्हणत आले होते, की आता ते तोंडातून आपोआप निघायचं आणि पाय त्याच्या मागून चालू लागायचे. ते जिना चढून गच्चीवर गेले. पाइपचं तोंड टाकीपासून सुटलं होतं. टाकीची तोटी बंद करायला गेले, तर तिची गंजलेली मूठच हातात आली. मग पाइप दोन्ही हातांनी टाकीला दाबून धरला. धरला की पाणी थांबायचं, जरा सैल सोडला की पुन्हा धार. खाली मांडवात दिव्यांच्या वायरी लोंबत होत्या. आता प्लंबर येईपर्यंत काका तिथेच अडकले.

गच्चीवरून मागचं अंगण समोरच दिसत होतं. आणि त्या अंगणात त्यांची मुलगी आली. एकटीच.

तिनं इकडेतिकडे बघितलं. खोलीपाशी गेली, कुलूप ओढून पाहिलं. दारावर टकटक केली. मग नव्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि पायरीवर बसली, शाळेतून आल्यावर बसायची तशी.

"अगं, वर बघ!" काका ओरडले. "मी इथे आहे! वर!"

खाली लाउडस्पीकर लागला होता. गाणं थांबलं, तेही, "मुलीच्या वडिलांनी फोटोसाठी ताबडतोब स्टेजवर यावं," असं पुकारण्यासाठी. मुलीनं मान वर केली, पण हॉलच्या दिशेनं.

काकांनी एका हातानं पाइप कसाबसा दाबून धरला, दुसऱ्या हातानं खिशातली किल्ली काढली आणि जिवाच्या आकांतानं तिच्याकडे भिरकावली. किल्ली अंगणापर्यंत पोचलीच नाही. मधल्या पत्र्यावर आपटली, घसरत गेली आणि पन्हाळीत दिसेनाशी झाली. मुलगी भिंतीला डोकं टेकून बसली होती. इतकी जवळ, की तिच्या केसातली सुटलेली पिन त्यांना दिसत होती.

शेवटी आत्या हातवारे करत आली आणि तिला उठवून घेऊन गेली. जाताना मुलीनं एकदा त्या कुलपाकडे वळून पाहिलं.

प्लंबर आला तेव्हा काका चिंब भिजले होते. तशाच अवस्थेत बहिणीनं त्यांना फोटोत उभं केलं. मग गाडी लागली, सामान चढलं, जो तो विमान चुकेल म्हणून ओरडायला लागला. गर्दीतून वाट काढत मुलगी त्यांच्यापाशी आली.

"बाबा, कुठे होतात तुम्ही?"

"टाकीचा पाइप सुटला होता."

"झाला नीट?"

"झाला."

"मी मागे आले होते."

"बघितलं मी," काका म्हणाले. पुढचं बोलणार, तोच दोघांच्या मध्ये कुणीतरी मोठी बॅग घुसवली.

"कपडे बदला," मुलगी म्हणाली. "सर्दी होईल." आणि गाडीत बसली.

नंतर काकांना एकच प्रश्न छळत राहिला. पाइप सोडून दिला असता तर काय झालं असतं? मेन स्विच बंद करा म्हणून जिन्यातून ओरडता आलं असतं. पाहुणे भिजले असते, एवढंच. भिजलेले पाहुणे वाळतात. हे इतकं साधं त्यांना तेव्हा सुचलं नाही, आणि आता सुचून उपयोग नव्हता. मुलीचा फोन यायचा. "जेवलात?" "हो." मागच्या खोलीतली ती एवढीशी मोकळी जागा फोनमध्ये कुठून आणायची, ते काकांना समजत नव्हतं.

किल्ली काही सापडली नाही. पुढच्या लग्नाच्या आधी त्यांनी हातोडा घेऊन ते कुलूप तोडलं आणि दुसरं लावलं नाही. खोके आणि मामा आत शिरू नयेत म्हणून स्वतःच दाराशी खुर्ची टाकून बसले.

लग्न भरात असताना स्वयंपाकी पळत आला. "काका, स्टेजवरचे दिवे गेले!"

"जाऊ देत."

स्वयंपाकी बघतच राहिला. हे शब्द त्यानं काकांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. "आत कुणी आहे का?"

"नाही."

"मग उठा की! रिकाम्या खोलीला कशाला राखत बसलाय?"

"नाही उठत," काका म्हणाले. "मी उठलो की येते ती."