रजेचा अर्थ

रक्तापुवाची किळस मावशीला कधी वाटली नाही. रुग्णालयाच्या तळघरातल्या धुलाईखान्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. वरून पिशव्या यायच्या. त्यातल्या रक्ताच्या चादरी ती वेगळ्या काढायची आणि आधी थंड पाण्यात टाकायची, कारण गरम पाण्यात डाग पक्का बसतो. नव्या बायका ओकायला पळत, तेव्हा मावशी हसून म्हणायची, "अगं, माणसाचंच आहे ते."

तिला किळस होती ती सुपरवायझरच्या तोंडाची. बायका त्याला पाठीमागे ‘शब्दकोश’ म्हणायच्या. दारातल्या फळ्यावर तो रोज एक शब्द लिहायचा आणि येणारीजाणारीला थांबवून त्याचं मूळ सांगायचा. कोणी तापाने घरी राहिली, की दुसऱ्या दिवशी फळ्यावर ‘खाडा’. "खाडा म्हणजे खळगा. सलग रस्त्यात पडलेला. आता तो कोणी भरायचा?" एकदा ‘दांडी’ लिहून म्हणाला, "हा शब्द कुठून आला ते नक्की ठाऊक नाही, पण मारणाऱ्या कोण ते ठाऊक आहे." स्वतःच हसला. पान खाऊन रंगलेले दात दाखवत हसणारा तो माणूस मावशीला नुसता पाहवतही नसे.

मावशीची ताई त्याच रुग्णालयात, दोन मजले वर पडून होती. आईबापामागे ताईनेच तिला वाढवलं, हातापाया पडून ही नोकरीही लावून दिली. वर बजावलं, "काम सोडून कुठे हलायचं नाही. मी मेले तरी नाही." मावशी सुट्टी झाली की वर जाऊन बसायची. पण त्या सकाळी भाचीचा फोन आला. "मावशी, लगेच ये गं. डॉक्टर म्हणतात, आता फार वेळ नाही. आई तुलाच शोधतेय."

मावशी ओल्या हातांनीच सुपरवायझरपुढे उभी राहिली. "साहेब, बहीण जायला लागलीय. तासाभराची रजा द्या."

"रजा!" त्याचा चेहरा उजळला. खडू घेऊन तो फळ्याकडे वळलासुद्धा. "मूळ अरबी शब्द. अर्थ संमती, खुशी. रजा आणि राजी एकाच घरचे. म्हणजे देणारा राजी असेल, तरच ती रजा."

"साहेब, ती जातेय."

"सुट्टीचं वेगळं. सुटणे, मोकळं होणे. ती काम संपल्यावर. आज माणसं कमी आहेत, मी राजी नाही. पाळी संपली की जा."

मावशीच्या पोटात ढवळलं. इतक्या वर्षांत कुठल्या पिशवीने ढवळलं नव्हतं. माणूस मरतंय आणि हा शब्द चघळतोय, पानासारखा! तिला वाटलं, थुंकावं याच्या फळ्यावर. ती थुंकली नाही. तिने हातमोजे काढून टेबलावर आपटले. शेजारची म्हणाली, "जा गं, तुझं मशीन मी बघते." बाकीच्या बायका माना खाली घालून चादरी मोजत राहिल्या, आणि मावशीला त्यांचीही किळस आली.

"याला गैरहजेरी म्हणतात बरं!" मागून आवाज आला. "नोकरीला मुकशील!"

ती जिना चढून गेली. ताईचं तोंड सुकून एवढंसं झालं होतं. तिने डोळे उघडले, मावशीच्या अंगावरचा ओला एप्रन पाहिला आणि घाबरली. "कामावरून आलीस? रजा घेतलीस ना?"

"घेतली."

"दिली त्यांनी?"

"दिली की. स्वतः होऊन म्हणाले, जा, बहिणीपाशी बस."

ताईच्या कपाळावरची आठी गेली. "देवमाणूस गं. असा साहेब मिळायला नशीब लागतं. त्याचं भलं होऊ दे, मुलंबाळं सुखी राहू देत." भाचीने मावशीकडे पाहिलं. मावशीच्या घशाशी आंबट आलं. ते तिने गिळलं.

ताईने हात जोडले. सलाईनची नळी दोन्ही हातांमध्ये लोंबत होती. "माझा नमस्कार सांग त्यांना. विसरू नको."

मावशीने ते जोडलेले हात एकमेकांपासून सोडवले आणि आपल्या हातांत घट्ट धरले.

"सांगते, ताई," ती म्हणाली.